चिंधी, चुना आणि पाणी

मे महिन्यातला रविवार होता. काका सकाळी आले, सवयीप्रमाणे थेट स्वयंपाकघरात शिरले आणि ओट्यावरच्या मिक्सरच्या भांड्यात डोकावले. आत राखाडी रंगाचा लगदा होता.

“वहिनी, ही कसली चटणी?”

“गेल्या आठवड्याच्या अग्रलेखांची,” आई म्हणाली.

काकांची 32 वर्षं एका कागद गिरणीत गेली, त्यातली बहुतेक लगदा विभागात. आई शिक्षिका, निवृत्त झाल्यावर मोडी शिकली आणि जुने कागद हाताळता हाताळता ते कसे बनत असतील या नादाला लागली. आमचं घर पुण्याच्या कसबा पेठेत, कागदीपुऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. त्या दिवशी दोघांचं जुंपलं ते दुपारपर्यंत. मी दोनदा चहा केला आणि जमेल तेवढं टिपून ठेवलं.

काका : आणि गॅलरीच्या भिंतीला ही धिरडी कुणी चिकटवलीत?

आई : कागद आहेत ते, भाऊजी. वर्तमानपत्राचे तुकडे रात्रभर भिजत घातले, सकाळी मिक्सरमधून काढले. मूठभर तुकड्यांना भांडंभर पाणी. तो लगदा टबातल्या पाण्यात सोडून हाताने ढवळायचा. मग ही चौकट. जुन्या फोटोची फ्रेम आहे, तिच्यावर डासांची जाळी ताणून ठोकली. ती टबात उभी घालायची, पाण्याखाली आडवी करायची, सरळ वर उचलायची आणि चारी बाजूंना हलवायची. पाणी निथळतं, जाळीवर दुधावर साय धरावी तसा थर राहतो. तो ओल्या पंचावर पालथा घालायचा, वर दुसरा पंचा, त्यावर पाटा. तासाभराने भिंतीला लावायचा. वाळला की आपला आपण सुटतो.

काका : (एक ताव सोलून, खिशातलं शाईचं पेन टेकवत) हे बघा. ‘श्री’ लिहिला, त्याचा कोळी झाला.

आई : फुटणारच शाई. अजून खळ कुठे दिलीय? उद्या तांदळाची पातळ पेज करून एकेक ताव त्यातून काढीन, वाळला की कवडीने घोटीन. मग लिहा काय लिहायचं ते.

काका : राग मानू नका, पण याला कागद बनवणं म्हणत नाहीत. गिरणीने केलेला कागद तुम्ही मोडलात आणि पुन्हा जोडलात. शिळ्या पोळीचा कुस्करा केला म्हणजे पोळी लाटली असं होत नाही.

आई : मोडलेला जुळतो, याचंच मला नवल वाटतं. ना डिंक, ना खळ. मग त्याला धरून काय ठेवतं?

काका : पाणी. म्हणजे पाणी जाताना जे करून जातं ते. वनस्पतीचा तंतू सेल्युलोजचा. तो भिजला की फुगतो, कुटला की त्याच्या अंगावर बारीक केस उभे राहतात. पाणी उडायला लागलं की तंतू एकमेकांकडे ओढले जातात आणि अगदी अंगाला अंग लागलं की त्यांच्यात हायड्रोजनचे बंध जुळतात. एकेक बंध कमजोर, पण असतात असंख्य. म्हणून कोरडा कागद ओढून तुटत नाही आणि भिजला की लगेच विरघळल्यासारखा होतो. पण तुमचा मिक्सर कुटत नाही, तो कापतो. कुटलं तर तंतूची लांबी राहते. कापलं तर केस उभे राहण्याआधीच त्याचे तुकडे होतात. त्यातून हा वर्तमानपत्राचा तंतू. आधीच आखूड. पाच-सात वेळा फिरवला की कागदात राहतच नाही, जाळीतून पाण्याबरोबर वाहून जातो.

आई : दोष माझ्या मिक्सरचा की त्या लाकडाचा?

काका : दोघांचा. हा कागद मुळात लाकूड दगडावर घासून काढलेल्या लगद्याचा. झाडाला ताठ उभं ठेवणारं लिग्निन त्यात तसंच राहतं. दोन दिवस उन्हात ठेवा, पिवळा पडतो.

आई : मग लाकूड घेतलंच कशाला? सतराशे वर्षं कागद चिंध्यांवर चालला होता. इसवी सन 105 मध्ये चीनच्या दरबारातल्या त्साय लुनने बादशहापुढे कागद ठेवला तो झाडांच्या सालींचा, तागाचा, चिंध्यांचा आणि कोळ्यांच्या फाटक्या जाळ्यांचा. शोध त्याच्या एकट्याचा नव्हता. त्याच्या आधीच्या दोन-तीनशे वर्षांचे तुकडे चीनच्या वायव्य भागात सापडलेत. पण टाकून दिलेल्यातून लिहिण्याजोगं काढायचं, ही रीत तिथून निघाली आणि समरकंद, बगदाद, स्पेन, इटली करत सगळीकडे गेली.

काका : मधली तलासची लढाई विसरलात. 751. अरबांनी चिनी कागदी कैद केले आणि त्यांच्याकडून विद्या काढून घेतली.

आई : ती वर्गात सांगायला फार छान गोष्ट आहे, मीही सांगत असे. पण त्याआधीच मध्य आशियात कागद वापरात होता, असं आता अभ्यासक म्हणतात. वाटेवरच्या भिक्षूंनी आणि व्यापाऱ्यांनी तो आणलेला. लढाईपेक्षा व्यापाराने जास्त गोष्टी हलतात. आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये कागदाचे कारखाने निघाले, हे मात्र नक्की. आपला ‘कागद’ही फारसी ‘कागज’मधून आलेला.

काका : आणि आपल्याकडे?

आई : आपल्याकडे दौलताबाद आणि खुलताबादच्या मधे कागजीपुरा आहे. महंमद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा आलेल्या कारागिरांपासून तिथला कागद सुरू झाला असं मानतात. पुढे काश्मिरात पंधराव्या शतकात सुलतान झैन-उल-आबिदीनने समरकंदहून कागदी आणवले. आणि इथे जुन्नर. जुन्नरच्या कागद्यांना पेशवाईत पुण्यात जागा मिळाली, ती ही आपल्या शेजारची. मुठा जवळ असल्याशिवाय हा धंदा होणार नव्हता.

काका : धुवायला पाणी लागतं ना. कच्चा माल काय घेत?

आई : चिंध्या, जुनी गोणपाटं, तागाचे दोर. ते बारीक तोडायचं, चुन्याच्या पाण्यात मुरत ठेवायचं, मग पायाने दाबायच्या लाकडी मुसळाखाली कुटायचं. कापडात बांधून नदीवर धुवायचं. पुन्हा चुना किंवा सज्जीखार, पुन्हा कुटायचं, पुन्हा धुवायचं. हे दिवसचे दिवस चाले. मग हौदात लगदा. हौदाच्या काठाशी बसून कागदी छापरी बुडवायचा. छापरी म्हणजे गवताच्या काड्या घोड्याच्या केसांनी विणून केलेली चटई, लाकडी साच्यावर ठेवलेली. ओले ताव कुंचल्याने भिंतीला लावायचे, वाळले की खळ आणि मग अकीकाच्या दगडाने घोटाई. मी दप्तरातले कागद हाताळते तेव्हा ती घोटाई बोटांना कळते. बरू त्यावरून लोण्यासारखा जात असणार.

काका : चुना दोनदा. (थांबून) ते कागदी फार शहाणे होते, वहिनी. चुन्याकडे मी परत येतो.

आई : आणखी एक सांगते, मग बोला. त्या हौदात चिंध्या कुणाच्या असत? सगळ्यांच्या. सरदाराचा फाटका अंगरखा, कोळ्याचं जाळं, मोटेचा दोर. कागद करणारे कागदी मुसलमान. आणि त्याच कागदावर सोवळ्यातल्या पोथ्या लिहिल्या गेल्या, देव्हाऱ्यात पूजल्या गेल्या. लगदा झाल्यावर कुणाची चिंधी कुणाची, ते कोण निवडणार?

काका : वा. हे तुमचं भाषण मला पटलं. पण त्या हौदाजवळ दिवसभर बसून तो कागदी काढणार किती? काहीशे ताव. ते जायचे कुठे? दरबारात, सावकाराच्या पेढीवर, शास्त्र्यांच्या घरी. तुमच्या माझ्या पणजीच्या हातात त्यातला एक तरी आला असेल का?

आई : नसेल.

काका : पोरं कशावर शिकत? धूळपाटीवर. फळीवर धूळ पसरायची, अक्षर काढायचं, पुसायचं. कागद महाग होता म्हणून. तुम्ही 40 पोरांच्या वर्गाला शिकवलंत. प्रत्येकाच्या दप्तरात सहा वह्या. त्या वह्या छापरीवर निघाल्या असत्या?

आई : नाही. हे मान्य करायला हवं. मुली तर शाळेच्या दारापर्यंतही आल्या नसत्या.

काका : युरोपातही हेच दुखणं. छापखाने वाढले आणि चिंध्या पुरेनात. डच लोकांनी सतराव्या शतकात कुटाईचं चक्र काढलं. आम्ही त्यालाच ‘हॉलंडर बीटर’ म्हणतो. मुसळाने दिवसभर होणारं काम काही तासांत. पण काम लवकर झालं म्हणून चिंध्या वाढत नाहीत. 1719 मध्ये फ्रान्सचा रेओम्यूर गांधीलमाशीचं घरटं बघत बसला आणि म्हणाला, ही माशी लाकूड चावून कागद करते, मग माणसाला का जमू नये?

आई : आमच्या गॅलरीत दर वर्षी असतं ते घरटं. राखाडी, पातळ, अगदी माझ्या धिरड्यांसारखं.

काका : तेच. पण बघणं वेगळं, करणं वेगळं. त्यानंतर सव्वाशे वर्षं गेली. जर्मनीत केलरने 1840 नंतरच्या दोन-चार वर्षांत लाकूड ओल्या दगडावर घासून लगदा काढला. त्याच्या आधीच, 1799 मध्ये, फ्रान्सच्या रॉबेरने हाताने ताव काढायच्या ऐवजी फिरत्या जाळीवर सलग कागद काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. कारागिरांच्या रोजच्या भांडणांना कंटाळून त्याने ते यंत्र काढलं असं सांगतात. ते लंडनला गेलं, फोर्ड्रिनियर बंधूंनी त्यात पैसा ओतला आणि दिवाळं काढलं. पण यंत्राला नाव त्यांचंच लागलं.

आई : आणि पुण्यात?

काका : 1885 मध्ये डेक्कन पेपर मिल. त्याच्या चार वर्षं आधी ‘केसरी’ निघालेला. वर्तमानपत्र ही वस्तूच स्वस्त कागदाची आहे, वहिनी. सकाळी वाचायचं, संध्याकाळी त्यात भजी बांधायची. जुन्नरी तावावर रोजचं वर्तमानपत्र छापलं असतं तर ते वाचायला श्रीमंतच उरले असते. (आजचा पेपर उचलून) आणि हे बघा यंत्राचं अक्षर. उभा फाडला. सरळ रेघेत फाटला. आता आडवा फाडतो. बघा, कसा वेडावाकडा गेला. फिरत्या जाळीवर तंतू वाहत्या पाण्याच्या दिशेने झोपतात, म्हणून कागदाला लाकडासारखी रेघ येते. तुमचं धिरडं कुठूनही फाडा, सारखंच वेडंवाकडं फाटेल, कारण तुम्ही चौकट चारी बाजूंना हलवता.

आई : म्हणजे एका बाबतीत तरी धिरडं बरं.

काका : एका बाबतीत.

आई : मग दुसरी सांगते. आमच्या वर्गात मोडी वाचायला अठराव्या शतकातली पत्रं येतात. दोन-अडीचशे वर्षांची. घडी उलगडली तरी मोडत नाही. आणि या कपाटात माझ्या लग्नाआधीची, पन्नास-साठ वर्षांपूर्वीची पुस्तकं आहेत. पान उलटलं की कोपरा हातात येतो. स्वस्त कागद सगळ्यांच्या हातात आला, कबूल. पण त्यावर लिहिलेलं नातवापर्यंत पोचणार नसेल, तर सगळ्यांच्या हातात नेमकं काय आलं?

काका : आता चुन्याकडे येतो. कोपरा हातात का येतो? लाकडापेक्षा मोठा गुन्हेगार आहे तुरटी. तुमची खळ जे काम करते, तेच काम गिरणीत 1807 पासून राळ आणि तुरटी करू लागली. इलिग नावाच्या जर्मन माणसाने ही रीत काढली. फार स्वस्त, फार सोपी. पण तुरटीतून आम्ल तयार होतं आणि ते आतल्या आत तंतूची साखळी तोडत बसतं. जळू चिकटावी तसं. जुन्या कागदात उलटं होतं. चुन्यात मुरवल्यामुळे कॅल्शियमचा अंश तंतूत उरतो आणि आम्ल झालंच तर तो ते मारतो. तुमचं जुन्नरी पत्र चिंधीमुळे जगलं आणि चुन्यामुळेही.

आई : म्हणजे गिरण्यांनी दीडशे वर्षं लोकांना चुना लावला, तो कागदात घालायच्या ऐवजी.

काका : (हसून) लावला. पण चूक कळल्यावर सुधारलीही. आताच्या बऱ्याच लिहिण्या-छापण्याच्या कागदात तुरटी नसते, खळ वेगळ्या रसायनाची असते आणि भरणीला खडूची पूड असते. खडू म्हणजे चुनाच, भाऊबंद आहेत. तो कागद बऱ्यापैकी टिकेल. आणि तुमच्या जुन्या कागदाची एक बाजू तुम्ही सांगत नाही. जे टिकलं तेच तुम्हाला दिसतं. वाळवीने, कसरीने खाल्लेलं दप्तरात कुठे येतं? कसरीला आवडते कोण? तुमची तांदळाची खळ.

आई : ते खरं. रुमाल सोडला की चाळणीसारखे कागदही निघतात. समर्थांनी दासबोधात लेखनावर एक समास लिहिलाय, ऐकलाय तुम्ही? बरू कसा घ्यावा, अक्षर कसं असावं. त्यात ते सांगतात की पानाच्या चारी बाजूंना जागा सोडून मधेच लिहा, म्हणजे कागद झडला तरी अक्षराला धक्का लागणार नाही.

काका : बघा! म्हणजे तुमच्या घोटीव कागदाच्या काळातल्या माणसानेही कागद झडणार हे गृहीत धरलं होतं.

आई : धरलं होतं. म्हणूनच त्यांनी समास सोडायला सांगितला. वर्तमानपत्राला तेवढाही समास नसतो.

काका : कारण त्याला उद्या जगायचं नसतं.

(इथे मी पहिला चहा केला. काका गॅलरीत जाऊन कागदाची धार बोटाने तपासत होते.)

आई : स्वस्त कागदाचं कौतुक झालं. आता त्याची किंमत कुणी दिली ते सांगू?

काका : सांगा. मी ओळखलंय तुम्ही कुठे जाणार ते.

आई : बांबूच्या जंगलात. वनस्पतिशास्त्रात बांबू गवत आहे आणि 1927 च्या वन कायद्याने त्याला झाड ठरवलं होतं. झाड म्हटल्यावर तो सरकारचा. कागद गिरण्यांना तो ठेक्याने मिळायचा आणि जंगलात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या माणसाने टोपलीसाठी चार बांबू तोडले तर तो चोर. गडचिरोलीतल्या मेंढा गावाला 2006 च्या कायद्याखाली जंगलावर सामूहिक हक्क मिळाला 2009 मध्ये. बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना लागायचा, तो स्वतः द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या हातात पडला 2011 च्या एप्रिलमध्ये. तोवर आपण किती रिमं काळी केली होती?

काका : (बराच वेळ गप्प) आणि काळं पाणी. बांबू शिजवल्यावर उरतं ते. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यातलं बरंचसं नाल्यात जायचं. कामावरून घरी आलो की तुमच्या जाऊबाई कपडे बाहेरच काढायला लावायच्या, असा वास. पुढे ते पाणी आटवून बॉयलरमध्ये जाळायची सोय झाली. त्यातून वाफही मिळते आणि रसायनही परत मिळतं. पण आधीची वर्षं कोण भरून देणार? तेवढं मात्र लक्षात ठेवा, कागदीही चुन्याचं पाणी मुठेतच सोडत होते.

आई : हौद दहा असतील. नदीला तेवढं पेलायचं.

काका : बरोबर. थोड्यांसाठी केलेली कुठलीही गोष्ट निर्मळ वाटते. हातकागदाचा साधेपणा म्हणजे निम्मा त्याचा कमीपणाच आहे. गांधीजींनी 1934 मध्ये वर्ध्याला ग्रामोद्योग संघ काढला, मगनवाडीत हातकागद सुरू केला. डार्ड हंटर नावाचा अमेरिकन त्याच सुमाराला आपले कागदी बघत देशभर हिंडला, 1939 मध्ये त्याने त्यावर पुस्तक छापलं. 1940 मध्ये इथे शिवाजीनगरला के. बी. जोशींनी हातकागद संस्था उभी केली. सगळ्यांचा हेतू काय? गावाला काम मिळावं, गावाने आपल्या कागदावर लिहावं. आज हातकागद कुठे दिसतो? श्रीमंतांच्या लग्नपत्रिकेत. भेटवस्तूच्या पिशवीत. फुलांच्या पाकळ्या घातलेल्या डायरीत, जिच्यात कुणी काही लिहीत नाही. जयपूरजवळच्या सांगानेरचा माल तर परदेशी जातो. गरिबाचा कागद म्हणून ज्याला वाचवलं तो चैनीचा झाला. आणि गरिबाच्या पोराच्या हातात वही आहे ती गिरणीची.

आई : हे बोचलं मला.

काका : बोचावं म्हणून नाही बोललो.

आई : बोचलं तेच बरं झालं. पण सांगानेरला हजारो हातांना काम मिळतं आणि कापड कारखान्यांतलं कातरण कचऱ्यात न जाता कागद होतं, तेही खरं. आणि भाऊजी, मला काही विकायचं नाही. मुलांना सुट्टीत चौकट धरायला लावते. एकदा स्वतः ताव काढला की वहीची पानं टराटरा फाडत नाहीत ती. शाळेत पर्यावरणावर दहा धडे शिकवून जे झालं नाही, ते या टबाने होतं.

काका : एवढ्यासाठीच एवढा खटाटोप?

आईने यावर उत्तर दिलं नाही. ती आत गेली आणि कपाटातून एक कापडाची घडी आणि एक जुना कागद घेऊन आली. कागद आमच्या घराण्याच्या वंशावळीचा, मोडीतला. घडी बाबांच्या धोतराची. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. धोतर इतकं विरलं होतं की उजेडात धरलं तर पलीकडची खिडकी दिसत होती.

आई : ही वंशावळ वाचायला जमली तेव्हा बघितलं, सात पिढ्या आहेत आणि एकही बाई नाही. मुलगे, मुलग्यांचे मुलगे. लेकी नाहीत, सुना नाहीत. मला ती पुन्हा लिहायची आहे, सगळ्या नावांनिशी. जेवढी मिळतील तेवढी. ती कशावर लिहू, याच्यासाठी हे सगळं चाललंय.

काका : (धोतर हातात घेऊन, बराच वेळाने) हे मिक्सरमध्ये घातलंत तर पात्याला गुंडाळून बसेल आणि मोटर जाईल.

आई : म्हणून तर तुम्हाला विचारते.

काका : खिशात राहून धुतली गेलेली नोट बघितली आहे ना? इस्त्री करून पुन्हा चालते. कारण आपली नोट शंभर टक्के कापसाच्या तंतूची असते. होशंगाबादला 1968 मध्ये तिच्या कागदाची सरकारी गिरणी निघाली. जिथे खरोखर टिकायला हवं तिथे गिरणीसुद्धा कापसाकडेच जाते. मी मघाशी हे बोललो नाही, कारण तुमच्या बाजूचं होतं.

आई : लबाड आहात.

काका : धोतर फार चांगलं आहे. जितकं धुतलेलं, तितकं बरं. नवं कापड कुटायला दमवतं, विरलेलं लवकर सुटतं. ऐका आता. कात्रीने बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे करायचे. शिवणीचा धागा काढून टाकायचा, तो बहुधा पॉलिएस्टरचा असतो. त्याचा लगदा होत नाही. मग चुना. पानाच्या डबीतला नको, कळीचा आणा. तो विरवताना उकळी फुटते, तेव्हा लांब उभं राहायचं आणि हातात मोजे. ॲल्युमिनियमचं भांडं चालणार नाही, स्टीलची बादली घ्या. चुना निवला की वरच्या पाण्यात तुकडे बुडवून ठेवायचे, रोज ढवळायचं. आठ-दहा दिवसांनी बघू. मग धुवायचं, पण शेवटच्या थेंबापर्यंत नाही. थोडा चुना आत राहू दे.

आई : आणि कुटायचं कशात?

काका : तुमच्या त्या दगडी खलात. रोज तासभर, मूठमूठ. ओढून बघायचं, सूत दिसेनासं झालं की थांबायचं. खालचे लोक तक्रार करतील.

आई : त्यांना लाडू देईन.

काका : (मनातल्या मनात हिशेब करत) धोतर तीनशे ग्रॅम धरू. निम्मं धुण्यात जाईल. वहीच्या पानाएवढा ताव, सहा ग्रॅमचा. पंचवीस ताव. साधारण एक दस्ता.

आई : मला पाच-सहा पुरेत.

काका : पहिले दहा फाटणार आहेत. मी 32 वर्षं लगदा केला, पण हाताने ताव एकही काढला नाही.

(दुसरा चहा निवून गेला होता. काकांनी खिशातून टेप काढला आणि फोटोची चौकट मोजायला घेतली.)

काका : ही लहान पडेल. नवीन करून आणतो, सागाची. अक्षरांना किती जागा लागेल?

आई : अक्षरं किती होतील ते अजून मलाच माहीत नाही. तुमच्या आजीचं माहेरचं नाव काय होतं?

काका : (विचार करून) ...आम्ही तिला बाईच म्हणत असू.

आई : मग विचारा कुणाला तरी. तोवर चौकट मोठीच करा. आणि चारी बाजूंनी तीन-तीन बोटं समास सुटेल अशी.

काकांनी टेप पुन्हा लांबवला आणि माझ्या वहीच्या मागच्या पानावर, गिरणीच्या कागदावर, मापं लिहून घेतली.